खरेदीचं कॅलेंडर

२०१७ च्या पावसाळ्यात मीरा रोड-भाईंदरमधल्या कितीतरी घरांत तृतीय वर्षाच्या निकालाची वाट पाहणं चाललं होतं. इथली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला संलग्न, आणि विद्यापीठाने त्या उन्हाळ्यात सगळ्या शाखांच्या लाखो उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या होत्या. कुलपती चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घातली. तीही टळली. २४ ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

सगळ्यांनी त्याला निकालाचा गोंधळ म्हटलं. खरेदी विभागात उमेदीची वर्षं घालवलेल्या मला तो खरेदीचा गोंधळ दिसला. परीक्षा मार्चपासून सुरू झाल्या आणि ही पडद्यावरची तपासणी सांभाळणाऱ्या कंपनीच्या हाती काम पडलं एप्रिल संपता संपता! निविदा, लिफाफे, छाननी या सोपस्कारांत दिवस गेले आणि एखाद्या लहान विषयाचे गठ्ठे आधी तपासून पाहायला सवड उरली नाही. स्कॅनिंग अडलं, प्राध्यापक लॉगिनपाशी खोळंबले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. हे सगळं चाचणीत कळलं असतं.

नियमांची टंचाई म्हणाल तर ती नव्हती. राज्य शासनाची खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ ची, केंद्राचं सरकारी खरेदीसाठीचं ‘जेम’ पोर्टलही त्याच वर्षीचं, आणि विद्यापीठ कायद्यात खरेदी समिती आहेच. हे नियम रुपयाची चौकशी बारकाईने करतात. ‘एल-वन’ म्हणजे सर्वांत कमी दराचा निविदाकार कोण, बयाणा भरला का, तुलनात्मक तक्त्यावर सह्या आहेत का, हे लेखापरीक्षक विचारतो. वस्तू कामाच्या दिवशी कामाला आली का, हे मला एकाही लेखापरीक्षकाने विचारलेलं आठवत नाही.

मार्चअखेरचंच घ्या. वर्षभर पडून असलेलं अनुदान परत जाईल म्हणून फेब्रुवारीत विभागांची धावपळ सुरू होते. सूक्ष्मदर्शकाचे तांत्रिक निकष लिहायला वेळ नाही, मग कुणा पुरवठादाराचं माहितीपत्रक समोर ठेवून ते उतरवले जातात. अर्थात मग तो पुरवठादारच पात्र ठरतो. (तीन कोटेशनं एकाच टेबलावर टाइप झाली आहेत, हे कधीकधी शुद्धलेखनाच्या चुकांवरूनही ओळखू येतं.) माल ३१ मार्चच्या आत येतो, जडवस्तू नोंदवहीत चढतो, बिल निघतं. खोकं उघडतं जूनमध्ये, प्रात्यक्षिकं सुरू झाल्यावर. वॉरंटीचे महिने मात्र माल पोहोचल्या तारखेपासून मोजलेले! म्हणून वॉरंटी यंत्र बसवून चालू करून दाखवल्या दिवसापासून सुरू होईल, ही एक ओळ मी मसुद्यात घालायला लावत असे. पुरवठादार कुरकुरत, पण मान्य करत.

वेळेचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही चुकतो. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे कितीतरी छोटे कारखाने आहेत. वसतिगृहाच्या खानावळीला लागणारी ताटं-पातेली इथून थेट जाऊ शकतात. पण उलाढालीची अट इतकी मोठी ठेवतात की असा कारखानदार निविदेच्या दारातच अडतो आणि मधला व्यापारी आत जातो. अट सैल केली तरी तो बिचकतोच, कारण बिल कधी निघेल याची खात्री नाही. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार अशा उत्पादकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पुढे चक्रवाढ व्याज, तेही बँक दराच्या तिप्पट. पण व्याज मागून गिऱ्हाईक कोण गमावेल? उशिराची किंमत तो पुढच्या दरात चढवतो, आणि आपण बाजारभाव वाढला म्हणतो.

माझी मागणी साधी आहे. खरेदी समितीपुढे येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर, अंदाजित रकमेच्या शेजारी, तीन तारखा असाव्यात: वस्तू वापरायची कधी, चाचणी कधी, बिल चुकतं करायचं कधी. आधी वापराची तारीख लिहावी आणि तिथून मागे मोजत निविदेच्या तारखेपर्यंत यावं. चाचणीला जागा उरत नसेल, तर त्या वर्षी जुन्याच पद्धतीने काम चालवावं आणि फायलीवर तसं लिहावं.