काट्यासकट

कोकणातल्या हेदवीच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, काळ्या कातळात एक अरुंद चीर आहे. तिचं नाव बामणघळ. भरती चढू लागली की लाट या चिरेत शिरते. पुढे वाट संपलेली, मागून पाण्याचा रेटा चालूच. मग ते पाणी धडाक्याने उभंच्या उभं वर उडतं. त्या वेळी काठावरच्या माणसांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो कडेवरच्या पोराचा आणि निवृत्त हेडमास्तरांचा अगदी एकसारखा असतो. चष्मे भिजतात, साड्यांचे काठ भिजतात, सगळे मागे पळतात. आणि थोड्या वेळाने तीच मंडळी आधीपेक्षा एक पाऊल पुढे येऊन उभी राहतात.

ते एक पाऊल मनातून जात नाही. पावसाळ्यात हा फवारा सर्वांत देखणा, आणि तेव्हाच कातळाला शेवाळ धरलेलं. घळीत एक ब्राह्मण पडला म्हणून हे नाव, असं सांगतात. सुख माणसाच्या भल्याचं की वाइटाचं, हा प्रश्न इथे पोथीतला राहत नाही. तो पायाखाली येतो.

यावरचं सर्वांत कोकणी उत्तर एका संस्कृत ग्रंथात सापडतं. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला, त्याची सुरुवातच चार्वाकांपासून. स्वतः वेदान्ती असूनही त्यांनी त्या मंडळींची बाजू नीट मांडली. सुखात दुःख मिसळलेलं असतं म्हणून सुख टाकावं, हे चार्वाकांना मान्य नाही. मासे हवे असणारा माणूस खवल्या-काट्यांसकट मासे आणतो, हवं तेवढं घेतो, बाकीचं टाकतो. हरणं येतील म्हणून भात पेरायचा कुणी थांबत नाही. आज गुहागर तालुक्यातल्या शेतकऱ्याला हरणांऐवजी रानडुकरं आणि वानर दिसतील, एवढाच फरक. चार्वाकांच्या नावाला कर्ज काढून तूप पिण्याची गोष्ट तेवढी चिकटली आणि हा शहाणा मासा मागे राहिला, हा त्यांच्यावर मोठाच अन्याय झाला.

पेडव्याचं कालवण खाताना पाहावं. मासा स्वस्त, चवीला अव्वल आणि काट्यांनी भरलेला. आजी नातवाच्या ताटात मासा मोडते, मधला काटा शेपटीकडून अलगद उचलते, बारीक काटे बोटांना लागतात का ते चाचपते आणि मग भाताबरोबर घास करते. चार-पाच वर्षांनी तोच नातू बोलता बोलता जिभेने काटा बाजूला काढू लागतो. हे कुणी व्याख्यान देऊन शिकवलेलं नसतं.

सुख माणसाला गिळून टाकेल, ही उलट टोकाची भीतीही आहेच. 1954 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवली. खटका दाबला की ठरावीक जागी विजेचा हलका झटका बसे. उंदीर तो खटका तासाला शेकडो वेळा दाबत राहिले. सुखाचं केंद्र सापडलं, असा गाजावाजा झाला. पुढे मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी दाखवलं की हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. डोपामिन हे रसायन मुख्यतः हव्यास वाढवतं. ते जवळजवळ संपलेला उंदीरही जिभेवर साखर ठेवली तर ओठ चाटतो. मध्यरात्री अंगठ्याने मोबाइलचा पडदा वर सरकवत राहणाऱ्या माणसाला विचारावं, मजा येतेय का? बहुधा येत नसते. मग दोष सुखाला कशाला द्यायचा? तिथे सुख शिल्लकच नसतं.

कोकणातल्या एका माणसाने मात्र सुखावर खटला चाललेला पाहिला आहे, अगदी कोर्टातला. हेदवीहून गुहागरवरून धोपाव्याला यावं, फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरावं आणि दापोलीच्या बाजूने किनारा धरावा, की मुरूड लागतं. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म 1882 चा. वडिलांनी विधवांना संसाराचा आणि शिक्षणाचा हक्क मिळावा म्हणून आयुष्य वेचलं. मुलगा एक पाऊल पुढे गेला आणि म्हणाला, स्त्रीला सुखाचाही हक्क आहे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या माणसाने 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. याच कामापायी 1925 मध्ये प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै 1927 पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. पत्नी मालतीबाई या सगळ्यात बरोबरीने उभ्या होत्या.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. शरीराचं सुख मुळात पाप नाही. दुसऱ्याला इजा होत असेल तर तिथे आक्षेप घ्यावा. मूल होण्याची भीती काढून टाकली तर बाईला त्या सुखात मोकळेपणाने भाग घेता येईल, म्हणून साधनांचा प्रचार. म्हणजे काटा काढायचा, मासा टाकायचा नाही. अश्लीलतेच्या आरोपावरून 1931 मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये पुन्हा खटला भरला गेला. या वेळी त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. लोक अज्ञानातून प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर द्यायचं नाही का, हा बचावाचा रोख. कर्वे खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. मासिक त्यानंतरही एकोणीस वर्षं, म्हणजे 1953 मध्ये कर्वे जाईपर्यंत, निघत राहिलं. आपल्याकडे त्यांचं नाव महर्षींच्या मानाने अजून फारच कमी घेतलं जातं, आणि ही गोष्ट खटकायलाच हवी.

कर्वे वाचल्यावर मूळ प्रश्नच बदलतो. सुख चांगलं की वाईट हे बहुधा दुसऱ्याच्या सुखाबद्दल विचारलं जातं: विधवेच्या, सुनेच्या, तरुणांच्या. स्वतःच्या ताटातल्या सुखाला कुणी दाखला मागत नाही.

हेदवीच्या दशभुजा लक्ष्मीगणेशाच्या गावात संकष्टीला घरोघरी मोदक होत असतील. दिवसभर उपास, चंद्रोदयाची वाट, मग पान. वाट पाहिल्याने चव वाढते, हे खरंच आहे. पण स्वयंपाकघरात डोकवावं. उकड गरम असतानाच मळावी लागते, तेल-पाण्याचा हात लावत, बोटं भाजतात. पारी पातळ करायची, गूळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, कळ्या एकेक चिमटीत धरून मिटवायच्या, हळदीच्या पानावर ठेवून वाफवायचं. पहिला घाणा देवाला, दुसरा पुरुषांना आणि पोरांना, तिसरा पाहुण्यांना. जिने दिवसभर उपास धरून हे सगळं केलं, तिच्या वाट्याला शेवटी फुटलेले, गार झालेले दोन. तूपही गोठलेलं. ती म्हणते, मला काय, कसेही चालतात.

का चालावेत? नैवेद्य झाला की वाफाळता मोदक आधी तिच्या ताटात पडावा. ती उठायला लागली तर खांद्याला धरून बसवावं, वरून तुपाची धार सोडावी, आणि पुढचा घाणा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी लावावा. कळ्या वाकड्या येतील. येऊ देत.