वीरगळीसमोर पस्तीसची लेन्स

वीरगळींची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची, त्रिमितीय मॉडेल्स करायला लागल्यापासून माझ्या बॅगेत ३५ एमएमची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स कायमची मुक्कामाला आली आहे. २४-७०ची झूमही आहे, आणि लग्नकार्यात तिच्यावाचून माझं पान हलत नाही. दगडासमोर मात्र ती काढत नाही. धार कमी पडते म्हणून नव्हे. आजच्या झूम चांगल्याच धारदार असतात.

ही मॉडेल्स घडवणारं फोटोग्रामेट्रीचं सॉफ्टवेअर शेकडो फोटोंतले समान बिंदू जुळवून कॅमेरा कुठे होता ते काढतं. त्याच हिशेबात लेन्सची फोकल लेंथ, तिचा अक्ष सेन्सरवर नेमका कुठे पडतो आणि कडेच्या रेषा किती वाकतात, हेही ते सोडवतं; एका संचाला एकच उत्तर धरून. झूमची रिंग केसभर सरकली तरी फोटोच्या नोंदीत आकडा ३५च राहू शकतो. आतली भिंगं मात्र हललेली असतात, आणि सपाट शिळा मॉडेलमध्ये मधोमध फुगू शकते. १८५८ साली व्हेट्झलरच्या चर्चची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचलेल्या आल्ब्रेख्त मायडेनबाउअरला फोटोवरून मोजण्याची कल्पना सुचली. पुढे त्याने घडवलेल्या कॅमेऱ्यात भिंग आणि फोटोची काच यांतलं अंतर पक्कं बांधलेलं होतं. मला त्यातच सगळं आलं असं वाटतं.

मावळातल्या एका देवळाबाहेरच्या वीरगळीवर खालच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर, मग गाईंसाठीची लढाई, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, माथ्याशी शिवलिंगाची पूजा. खालची चौकट गुडघ्याच्याही खाली. तिथे कॅमेरा खाली झुकवावा लागतो, आणि जड झूमचं नळकांडं अशा वेळी स्वतःच्याच वजनाने घसरतं. प्राइममध्ये घसरायला काही नाहीच. आभाळ भरून सावल्या पुसल्या, तेव्हा स्टॅबिलायझेशन बंद केलं, एफ/८ ठेवलं, फोकस एकदाच लावून रिंगेवर चिकटपट्टी मारली. मग तेवढंच अंतर राखत, उकिडवा बसून इंचाइंचाने सरकत गेलो. प्रत्येक फोटो मागच्यावर सत्तर टक्के तरी चढला पाहिजे. मॉडेलमधून रंग काढून तिरपा प्रकाश टाकला आणि शेंदरात हरवलेली गाईच्या गळ्यातली घंटा दिसली. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांना लॅपटॉप दाखवला. ते म्हणाले, “रोज पाणी घालतो हिला, पर घंटा आज बघितली.”

देवळाच्या शिखराला पस्तीस पुरत नाही. तिथे मी झूमच लावतो. रिंग ७०च्या टोकाला टेकेपर्यंत फिरवायची, तिलाही चिकटपट्टी मारायची, आणि ते फोटो सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या गटात टाकायचे.