हर्णैच्या बंदरावरील बावटा

दिवाळीचा फराळ संपत आला, तसें आम्हीं घरांतील लहानथोर मंडळींनीं दापोलीवरून हर्णै गांठलें. हेतु एवढाच कीं, होडींतून सुवर्णदुर्गास वळसा घालावा आणि परततांना आंजर्ल्यास कड्यावरच्या गणपतीचें दर्शन घ्यावें. आभाळ निरभ्र होतें. पाण्यांतला तो किल्ला इतका जवळ भासत होता कीं, हांक मारली तर तटावरून ओ येईल! पण ठरविलेल्या होडीच्या वृद्ध तांडेलानें मान हलविली.

"आज नाय, अण्णा. तीन नंबरचा बावटा लागलाय."

मुलें हिरमुसलीं. आमच्यापैकीं एकानें, खोटें कशाला सांगा, म्हाताऱ्यास चार पैसे अधिक हवे असतील अशी शंकाहि बोलून दाखविली. तांडेल रागावला नाहीं. "वारा नाय, तरी लाट बघा," एवढेंच तो म्हणाला. आम्हीं पाहिलें. वारा पडलेला होता. पण लांबलचक, संथ लाटा बऱ्याच अंतरानें एकामागून एक येत होत्या व खडकावर घुमत होत्या. वादळ शेंकडों मैल दूर असलें, तरी त्यानें उठविलेली लाट त्याच्या पुढें धांवते.

ह्या बावट्याची भाषा मोठी मजेची आहे. बोलतांना बावटा म्हणावयाचें. पण पूर्वापार पद्धत अशी कीं, दिवसा शंकू व नळकांडीं यांच्या आकृत्या आणि रात्रीं तांबडे-पांढरे दिवे डोलकाठीवर चढवावयाचे. एक व दोन नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रांत आहे. तीन व चार म्हणजे खुद्द बंदरास त्रास संभवतो. पांच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. अकराव्याचा अर्थ वाचून आम्ही थबकलों: इशारा देणाऱ्या कचेरीशीं संबंधच तुटला! १८६४ सालीं कलकत्त्यास भयंकर वादळ झालें आणि पुढल्याच वर्षीं तेथील बंदरासाठीं इशाऱ्यांची व्यवस्था झाली. हिंदुस्थानचें हवामान खातें निघालें तें १८७५ सालीं. मुंबईची कुलाबा वेधशाळा मात्र त्याहून जुनी, १८२६ ची. जहाजांना अचूक वेळ कळावी हें तिचें एक मूळ काम होतें.

अरबी समुद्रांतील वादळांचे मुख्य हंगाम दोन: एक आगोटीच्या आधींचा, वैशाख-ज्येष्ठांतला, व दुसरा पावसाळा सरल्यानंतरचा. ऐन आषाढ-श्रावणांत समुद्र खवळलेला असतो, तरी चक्री वादळें तेथें क्वचितच होतात. खालीं नैर्ऋत्येचा वारा आणि वर फार उंचीवर पूर्वेचा, अशा विरुद्ध ओढींत वादळाचा खांब उभाच राहूं शकत नाहीं. ती ओढ सैल झाली आणि पाणी सुमारें साडेसव्वीस अंशांहून अधिक उष्ण असलें कीं त्याला अनुकूल काळ आला. वाऱ्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटरांवर गेला म्हणजे त्याला चक्री वादळ म्हणून नांव मिळतें. बंगालच्या उपसागराच्या मानानें आपला समुद्र शांत खरा. पण अलीकडच्या दशकांत येथील वादळें वाढल्याचें अभ्यासकांना आढळलें आहे. ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यावर चढलेल्या वादळानें श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा आडव्या केल्या. त्याचें नांव "निसर्ग"; तें बांगलादेशानें सुचविलेलें होतें. बागायतदारांना तें नांव घेतांना काय वाटत असेल!

तांडेलाच्या बोलण्यांत मात्र वारंवार येत होतें तें "फयान". ११ नोव्हेंबर २००९ रोजीं तें ह्या किनाऱ्यावरून गेलें. त्या वेळीं अनेक होड्या समुद्रांत होत्या व कित्येक माणसें परतलीं नाहींत. "आमच्याकडं तवा ऐकायला यंत्र नव्हतं," तांडेल म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ त्यांतच गेला. पुढें तो बोलला नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं.

आतां होडीवर बिनतारी संच आहे. त्याचा मुलगा पांच दिवसांपूर्वीं मासेमारीस गेला होता आणि त्याला परत फिरण्याचा निरोप त्याच सकाळीं पोंचला होता. संध्याकाळीं आम्ही आंजर्ल्याच्या खाडीकडे गेलों. हर्णैचें बंदर उघडें. वादळाचा सुगावा लागला कीं होड्या ह्या खाडींत शिरतात. एक, दोन, सात, अकरा... आमचीं मुलें मोजीत होतीं. कांठावरील बायका मोजीत नव्हत्या. त्या नुसत्या आकारावरून ओळखीत होत्या. दिवेलागणीनंतर मुलाची होडी आली. तांडेलानें आधीं माणसें मोजलीं आणि मगच विचारलें, "मासा किती?" मासा थोडा होता. बर्फ, डिझेल, खलाशांचा शिधा, सारा खर्च अंगावर आला होता.

तें वादळ किनाऱ्याकडे आलेंच नाहीं. दूर पश्चिमेस वळलें. तिसऱ्या दिवशीं बावटा उतरला. निरोप घ्यावयास गेलों तेव्हां मुलगा वैतागलेला होता. "गेल्या खेपेलाबी असंच झालं. पुढल्या खेपेला बघू," तो म्हणाला. आम्हांस एकदम २०२१ च्या मे महिन्याची आठवण झाली. तौक्ते वादळाचा इशारा कित्येक दिवस आधीं मिळालेला असतां मुंबईजवळच्या समुद्रांत एक मोठा तराफा जागच्या जागीं राहिला. तो आणि एक ओढबोट मिळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. इशारा नव्हता असें तेथें कोणास म्हणतां येत नव्हतें. आमच्यापैकीं त्याच शंकेखोरानें आतां तांडेलास विचारलें, "पुढल्या वेळीं हा परतेल का हो?"

म्हाताऱ्यानें मुलाकडे पाहिलें. मग खालीं बसून तो जाळ्यांतील गांठी सोडवूं लागला. मुलगाहि थोड्या वेळानें दुसरें टोक धरून समोर बसला. आमची मोटार वाट पाहत होती. सुवर्णदुर्ग आम्हीं पाहिला तो किनाऱ्यावरूनच.