सूचनापेटीतल्या चिठ्ठीची किंमत कोण लावतं?

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला की आम्हा पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रेसनोटांचा पाऊस पडतो. अमुक कंपनीत कामगारांनी वर्षभरात इतक्या हजार सूचना दिल्या, त्यातून इतके कोटी वाचले, उत्कृष्ट सूचनेला रोख बक्षीस. सोबत फोटो. मधे साहेब, बाजूला हार घातलेला कामगार, मागे बॅनर. नगरच्या एमआयडीसीतून येतात, सुप्यातून येतात. वीसेक वर्षं या बातम्या लावतोय. त्यातला आकडा कसा काढला, हे मात्र एकाही प्रेसनोटमध्ये वाचलेलं आठवत नाही.

म्हणून गेले काही महिने ओळखीतल्या लोकांना हेच विचारत फिरलो. कामगार, सुपरवायझर, युनियनवाले, रिटायर झालेले दोन मॅनेजर. जे कळलं ते लिहितोय. जरा लांब आहे, पण घरातलं कोणी कंपनीत असेल तर वाचा.

आधी थोडा इतिहास. कामगाराच्या डोक्यातली कल्पना बक्षीस देऊन मागून घ्यायची ही पद्धत काही आजची नाही. स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनच्या विल्यम डेनी यांच्या जहाज कारखान्यात १८८० साली अशी योजना सुरू झाली. अमेरिकेत कोडॅकने १८९८ मध्ये सुरू केली. तिथलं पहिलं बक्षीस दोन डॉलरचं होतं आणि सूचना होती खिडक्या धुवा, उजेड येऊ द्या, असं सांगतात. १९५० मध्ये टोयोटाचे एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले, तिथली सूचना योजना त्यांनी पाहिली आणि १९५१ मध्ये जपानमध्ये आपली सुरू केली. आपल्याकडे १९८० मध्ये हैदराबादच्या भेलमध्ये क्वालिटी सर्कल आलं आणि मग देशभर पसरलं. आज आपल्या पोरांच्या तोंडी 'कायझेन' हा शब्द 'ओव्हरटाइम'इतकाच रुळलाय. "या महिन्याचं कायझेन टाकलं का?" असं चहाच्या टपरीवर ऐकू येतं.

आता मोजणीकडे येऊ. सोपं उदाहरण घ्या. मोटार जोडणाऱ्या लाइनवर एकाने सुचवलं की नटबोल्टचा ट्रे मागच्या रॅकवरून हाताशी आणा. प्रत्येक मोटारमागे १२ सेकंद वाचले. शिफ्टला ४०० मोटारी, म्हणजे ४,८०० सेकंद, ८० मिनिटं. तासाला १५० रुपये धरा, दिवसाचे झाले २००. वर्षाचे ३०० दिवस, ६० हजार रुपये. फॉर्मवर लिहिलं 'वार्षिक बचत ६०,०००'. टाळ्या.

पण हे ६० हजार कुठल्या खात्यात जमा झाले? लाइनवरच्या कोणाचाही पगार कमी झाला नाही. मोटारी जास्त निघाल्या का? तर नाही, कारण पुढचं टेस्टिंगचं मशीन ४०० च्या वर घेतच नाही. म्हणजे ८० मिनिटं प्रत्येकाला सुट्या सेकंदांत मिळाली आणि विरून गेली. कामगाराची पाठ वाकायची थांबली, हा खरा फायदा झाला. पण त्याला फॉर्मवर रकाना नाही. आणि ज्याला रकाना आहे ते ६० हजार कधी तिजोरीत आलेच नाहीत.

एका रिटायर मॅनेजरांनी हसत सांगितलं, "सगळ्या विभागांनी दाखवलेली बचत एकत्र केली ना, तर कधी कधी कंपनीच्या नफ्याच्या वर जायची." कारण एकाच बचतीवर मेंटेनन्सही हक्क सांगणार, प्रॉडक्शनही आणि क्वालिटीही.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट साखरेच्या भाषेत लगेच कळेल. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून 'उतारा' हा शब्द आपल्या घराघरात आहे. समजा एका कारखान्यात मिल हाउसमधल्या फिटरने काही सुचवलं आणि उतारा ०.१ टक्क्याने वाढला. हंगामाचं गाळप १० लाख टन असेल तर साखर १,००० टन जास्त, म्हणजे १० हजार क्विंटल. ३,१०० रुपये क्विंटल धरले तर ३ कोटी १० लाख! फिटरचा सत्कार व्हायलाच हवा.

थांबा. बांधावरचा शेतकरीसुद्धा लगेच विचारील, वाढ कधी झाली? डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की उतारा आपोआप चढतो. ऊस कोणत्या जातीचा होता, पक्व होता का, तोडल्यावर गव्हाणीत पडायला किती तास लागले, यावर तो हलतो. फिटरमुळे किती आणि थंडीमुळे किती, हे वेगळं काढायचं तर मागच्या हंगामाचे तेच आठवडे, तीच जात लावून तुलना करावी लागेल. शेतकऱ्याला जे कळतं ते कंपनीतल्या एमबीएला कळत नसेल असं नाही. पण त्याला वार्षिक अहवालात आकडा मोठा हवा असतो.

दुसरी गंमत सूचनांच्या संख्येची. 'प्रत्येकाची महिन्याला एक सूचना' असं टार्गेट लागलं की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पेटी भरते. पंख्याला रंग द्या, झाडूला हुक लावा, बोर्ड सरळ करा. जुनं कायझेन नवीन फोटो काढून परत टाकणारेही आहेत. सुपरवायझरला माहीत असतं, पण टार्गेट त्यालाही असतंच. संख्या वाढते, बोर्डावरचा आलेख चढतो, आणि कामाची सूचना त्या ढिगात दबते.

ही पोस्ट लिहायला घेतली ती दबलेल्या अशाच एका सूचनेमुळे. माझ्या ओळखीचा एक पोरगा, पारनेर तालुक्यातला, आयटीआय झालेला, एका कारखान्यात ठेकेदाराकडून प्रेसवर कामाला होता. प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची असतात, म्हणजे हात आत राहत नाहीत. त्याच्या मशीनचं एक बटण कायमचं दाबून बांधून ठेवलेलं, कामाचा वेग यावा म्हणून. त्याने चिठ्ठी टाकली, बटण सोडवा आणि पुढे जाळी बसवा. फॉर्मवर रकाना होता, 'अपेक्षित वार्षिक बचत, रुपयांत'. तो मला म्हणाला, "दादा, बोटाचे किती लिहायचे असत्यात?" रकाना रिकामा सोडला. चिठ्ठी पुढे गेली नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या शिफ्टच्या माणसाची दोन बोटं गेली. मग आठ दिवसांत जाळी बसली. ती जाळी कोणाच्या सूचनेत मोजली गेली, विचारू नका. कुठेच नाही.

न झालेला अपघात दिसत नाही, त्यामुळे तो रुपयांत बसत नाही. म्हणून सुरक्षेच्या सूचनांना बचतीच्या तराजूत घालायचंच नाही. त्यांची मोजणी दिवसांत करा. चिठ्ठी पडल्यापासून धोका दूर व्हायला किती दिवस लागले? बस्स. हा आकडा खोटा फुगवता येत नाही आणि कामगाराला तो समजतो.

त्या पोराच्या गोष्टीत आणखी एक मुद्दा आहे. तो कंत्राटी होता. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी योजना परमनंट कामगारांसाठीच आहे. कंत्राटी माणसाने सुचवलं तर ते सुपरवायझरच्या नावावर जातं. मशीनवर उभा राहतो तो एक आणि फोटोत दुसराच. मग 'आमच्याकडे ९० टक्के कामगार सहभागी' असं कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न हाच, की हे टक्के कोणाचे? गेटमधून रोज आत येणाऱ्या सगळ्यांचे, की फक्त पगारपत्रकावरच्यांचे?

आणि सगळ्यात अवघड प्रश्न. सूचनेमुळे खरंच दोन माणसांचं काम एकाने होऊ लागलं तर दुसऱ्याचं काय? एल अँड टी, क्रॉम्प्टन, किनेटिक या नावांवर नगरमधली एक पिढी उभी राहिली, घरं बांधली, पोरं शिकवली. त्या पिढीला करार माहीत होता, युनियन माहीत होती. आजच्या पोराला माहीत आहे की आपल्या डोक्यातून निघालेल्या कल्पनेने शेजारच्याचा पास बंद होऊ शकतो. तो गप्प बसतो. कंपनी म्हणते, आमच्या कामगारांत कल्पकता नाही. कल्पकता आहे हो, हमी नाही. 'सूचनेमुळे कोणाचंही काम जाणार नाही' हे लेखी मिळालं तर पेटीत काय काय पडेल ते बघा.

कायद्यात याला जागा नाही असंही नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर वा जास्त कामगारांच्या आस्थापनेत मालक आणि कामगार या दोघांच्या प्रतिनिधींच्या वर्क्स कमिटीची तरतूद होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती ठेवली आहे. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या ४३-अ कलमात आलंय. सूचनांचा हिशेब दर तीन महिन्यांनी या कमिटीपुढे ठेवायला काय हरकत आहे?

कंपन्यांतले अधिकारी मित्रही ही पोस्ट वाचतात, म्हणून त्यांना एवढंच. पुढच्या प्रेसनोटमध्ये कोटींचा आकडा नसला तरी चालेल. हे द्या: किती सूचनांना एका महिन्याच्या आत लेखी उत्तर गेलं, नाकारली तर कारण सांगितलं का. अमलात आणलेल्यांपैकी सहा महिन्यांनंतर किती टिकल्या. बचत अकाउंट्सने तपासली की ज्याने दाखवली त्यानेच. कंत्राटी कामगारांच्या किती होत्या. एवढं दिलंत तर फोटोसकट पहिल्या पानावर लावायला संपादकांशी मी भांडेन.

आणि कामगार भावांनो, बहिणींनो, चिठ्ठी टाकली की तारीख घालून तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवत जा. सुरक्षेची असेल तर नक्कीच. तुमच्याकडे सूचनेचं पुढे काय होतं ते मला कळवा. स्वतःचं आणि कंपनीचं नाव उघड लिहू नका, मेसेज करा. नोकरी सांभाळून बोला, पण बोला.