भाच्याचे स्टिअरिंग

रात्रीचा एक वाजून गेला असेल. बाहेरच्या खोलीत फरशीवर कोणी टाच आपटते आहे असा आवाज आला म्हणून आम्ही उठलो. पाहतो तर आमचा भाचा इस्त्रीच्या टेबलाला मोटारीचे स्टिअरिंग आवळून बसलेला. पायाखाली तीन पेडले, ती मागे सरकू नयेत म्हणून भिंतीला लावलेली वीट, समोर जुना कॉम्प्युटर आणि त्यात धावणारी शर्यतीची मोटार. आम्ही मागे उभे आहोत याचा त्याला पत्ताही नव्हता.

हा मुलगा आमच्या धाकट्या बहिणीचा. वाशीम जिल्ह्यातून इथे मुंबईत तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला आहे. त्याला आमच्या स्वाधीन करताना बहीण एवढेच म्हणाली होती, "दादा, याला मार, पण शिकव." ते वाक्य आमच्या डोक्यात होतेच. आम्ही रागाच्या भरात स्टिअरिंग सोडवले, माळ्यावर टाकले आणि वरून व्याख्यानही दिले. हे श्रीमंतांचे खेळ, आपल्या पोरांनी पुस्तकात डोके घालावे, वगैरे. वस्तीत मुलांसमोर बोलायची सवय असल्यामुळे आम्हाला शब्द कमी पडत नाहीत. पोरगा एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मामीने आम्हाला सुनावले. ते स्टिअरिंग त्याने सुट्टीत गॅरेजात काम करून, लॅमिंग्टन रोडवर जुने म्हणून साडेचार हजारांना घेतले होते. घरातून एक पैसा मागितला नव्हता. आम्ही गप्प बसलो, पण माळ्यावरून ते काढलेही नाही. मोठ्या माणसाला माघार घेणे जड जाते.

पुढे एका रविवारी दुपारी तो नुसत्या बटणांवर तोच खेळ खेळत होता. जाता जाता आमची नजर पडद्यावर गेली आणि आम्ही थबकलो. तिथे बुद्धाचे नाव होते.

"हे काय रे?"

"मामा, ट्रॅकचं नाव आहे. बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. दिल्लीजवळ, ग्रेटर नोएडाला."

तो गौतम बुद्ध नगर जिल्हा. तिथे २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा जर्मनीचा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. पहिल्या वर्षीचा चषक त्याला मुख्यमंत्री मायावती यांच्या हस्ते मिळाला, तो फोटो आम्ही वर्तमानपत्रात पाहिल्याचे आठवले. पुढे कराचा वाद झाला. हा क्रीडाप्रकार नव्हे, मनोरंजन आहे, असे तिथल्या सरकारचे म्हणणे होते. शर्यत बंद पडली. भाच्याजवळचा गेम २०११ सालचा. त्यातली गंमत अशी की तो गेम सप्टेंबरमध्ये बाजारात आला आणि खरी शर्यत झाली ३० ऑक्टोबरला. म्हणजे जगभरची पोरे त्या ट्रॅकवर आधी धावून आली, चालक नंतर!

"मामा, एकदा चालवून बघा ना." माळ्याकडे न बघता तो म्हणाला. स्टिअरिंग आम्हीच काढून दिले.

वाचकहो, आमची जी फजिती झाली ती काय सांगावी. तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे. मोटार ताशी तीनशेच्या वर जाते आणि समोर चौथे वळण येते. पहिल्यांदा ब्रेक उशिरा दाबला, मोटार सरळ बाहेर. दुसऱ्यांदा लवकर दाबला, तर मागचे पाच जण पुढे निघून गेले. तिसऱ्यांदा ब्रेक दाबूनच स्टिअरिंग फिरवले, तर चाके वळलेली आणि मोटार मात्र नाकासमोर!

भाच्याने मग समजावले. टायरची पकड ठरावीक असते. ती सगळी थांबण्यात खर्च केली तर वळण्यासाठी काही उरत नाही. म्हणून आधी सरळ रेषेत ब्रेक दाबायचा आणि वळताना तो हळूहळू सोडत जायचा. आम्ही बीकॉम, आयुष्य कारकुनीत गेलेले. पगार एकच, भाडे आणि पोरांची फी दोन्ही त्यातच बसवायची. हे गणित आम्हाला चटकन कळले. पाय मात्र ऐकेना. चाळीस मिनिटांनी एक फेरी धड पूर्ण झाली तेव्हा सदरा घामाने भिजला होता.

त्याच रात्री भाच्याच्या मोबाइलवर खरी शर्यत लागली होती. एरवी आम्ही म्हणत असू, काय ते डबे गोल गोल फिरतात. त्या दिवशी प्रथमच आमचा पाय वळणाआधी आपोआप जमिनीवर दाबला गेला. एका चालकाने ब्रेक किंचित उशिरा दाबून दुसऱ्याला आतून मागे टाकले, तेव्हा आमच्या तोंडून "वा रे!" निघाले आणि घरातले सगळे आमच्याकडे बघू लागले.

आमच्या लहानपणी गावाकडे शंकरपट भरायचा. शहरातून आलेल्या पाहुण्याला त्यात नुसती धूळ दिसायची. आमच्या बापाला मात्र धुरकऱ्याने कासरा कधी सैल सोडला, कोणता बैल आत दाबतोय, हे लांबून कळायचे. कारण कासरा त्याच्या हाताने धरलेला होता, भले तो दुसऱ्याच्या बैलांचा असो. मोटारीच्या शर्यतीचा कासरा आपल्या हाती कोण देणार? या गेमने तो दिला, खोटा का होईना.

तो खोटेपणाही आता फार कमी राहिला आहे. १९८९ साली पॅपिरस या अमेरिकन कंपनीने इंडियानापोलिसच्या शर्यतीचा गेम काढला. त्यात मोटार चालवण्याबरोबर तिची जुळवणीही करावी लागे. १९९७ साली जपानच्या काझुनोरी यामाउची यांचा ग्रान तुरिस्मो आला. २००८ साली सुरू झालेल्या आयरेसिंगमध्ये तर खऱ्या ट्रॅकची लेझरने मोजणी करून एकेक उंचवटा उतरवलेला असतो. टायर तापतो, झिजतो, पेट्रोल कमी होईल तशी मोटार हलकी होते. हे सगळे हाताने अनुभवलेला पोरगा रविवारी शर्यत पाहायला बसतो तेव्हा तो पाहुणा उरत नाही.

काही जण तर पडद्यातून थेट ट्रॅकवर गेले. ग्रान तुरिस्मो खेळणाऱ्यांतून चालक निवडण्याची योजना निसान कंपनीने २००८ साली काढली होती, ती आता बंद आहे. तीतून २०११ साली ब्रिटनमधल्या कार्डिफचा जॅन मार्डनबरो निवडला गेला आणि २०१३ साली ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. त्याच्यावर २०२३ साली चित्रपट निघाला. भाच्याने तो आम्हाला दाखवला. त्यात जर्मनीतला अपघात ले मान्सच्या आधी दाखवला आहे. वास्तविक तो २०१५ सालचा, आणि त्यात एक प्रेक्षक दगावला. कथेच्या सोयीसाठी कोणाचे मरण मागेपुढे सरकवावे हे आम्हाला पटले नाही. भाचा म्हणाला, "सिनेमा आहे मामा." आम्ही म्हटले, "म्हणूनच."

पण आम्ही खरे हललो ते राजा कारुथच्या हकिकतीने. हा कृष्णवर्णीय मुलगा वॉशिंग्टनमध्ये वाढला. शर्यतीची पोरे लहानपणी गो-कार्टवर तयार होतात, तसले काही त्याच्या वाट्याला आले नाही. तो घरी कॉम्प्युटरवर आयरेसिंग शिकला, २०१९ साली प्रथम खऱ्या शर्यतीच्या मोटारीत बसला आणि १ मार्च २०२४ रोजी लास वेगासला नॅस्कारची ट्रक शर्यत जिंकला. नॅस्कारच्या राष्ट्रीय शर्यतींत जिंकणारा तो तिसराच कृष्णवर्णीय.

पहिला कोण, असे आम्ही विचारले. वेंडेल स्कॉट. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा मेकॅनिक. मोटार स्वतःच दुरुस्त करायची, मदतीला पोटची पोरे. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला तो दोन फेऱ्यांच्या आघाडीने जिंकला. चषक दिला गेला बक बेकर या गोऱ्या चालकाला. लोक पांगल्यावर, काही तासांनी, मोजणीत चूक झाली असे अधिकाऱ्यांनी मान्य केले. मोजणीतली चूक! आपल्या वाचकांना अशा चुकांचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. स्कॉट १९९० साली वारला. चषक त्याच्या घरच्यांच्या हाती पडला २०२१ साली.

आम्ही हे वाचले त्या रात्री माळ्यावरच्या स्टिअरिंगचा प्रसंग आठवून झोप आली नाही. "श्रीमंतांचे खेळ" हे आम्हीच पोराला सांगितले होते ना?

अर्थात गेममध्ये सगळे समान, असे समजण्याचे कारण नाही. लॉकडाऊनमध्ये खऱ्या शर्यती बंद पडल्या तेव्हा नावाजलेले चालक आयरेसिंगवर उतरले. एप्रिल २०२० मध्ये अशाच एका शर्यतीत काइल लार्सन हा नॅस्कारचा चालक कृष्णवर्णीयांसाठीची शिवी बोलून गेला आणि ती ऐकणाऱ्या सर्वांच्या कानावर गेली. दोन दिवसांत त्याची नोकरी गेली. पुढच्या वर्षी तो परतला आणि विजेताही ठरला.

पैशांचा हिशेबही कारकुनाने तपासलाच पाहिजे. आयरेसिंगला वर्गणी भरावी लागते, बरेचसे ट्रॅक आणि मोटारी वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. विल्यम बायरन हाही कॉम्प्युटरवरच शिकला आणि २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षे डेटोना ५०० जिंकला. पण तो सुस्थितीतल्या घरचा. सात वेळा विश्वविजेता ठरलेल्या लुईस हॅमिल्टनच्या वडिलांना मुलाच्या गो-कार्टपायी एकाच वेळी अनेक नोकऱ्या कराव्या लागल्या. आमच्या भाच्याजवळ साडेचार हजारांचे स्टिअरिंग आणि एक वीट आहे. तो चालक होणार नाही, आणि हे त्याने आमच्या आधी ओळखले आहे.

त्याचे मन वेगळ्याच ठिकाणी अडकले आहे. स्कॉटच्या गोष्टीत आम्हाला अन्याय दिसला, त्याला दिसले की तो माणूस मोटार स्वतः बांधत होता. इंजिनिअरिंगची मुले स्वतः शर्यतीची मोटार तयार करून कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर उतरवतात, अशी फॉर्म्युला भारत नावाची स्पर्धा आहे. त्याला डिप्लोमानंतर डिग्रीला जायचे आहे, तेही अशी तुकडी असलेल्या कॉलेजातच. बहिणीने मात्र हिशेब केला आहे की डिप्लोमा झाला की पोरगा नोकरीला लागेल आणि धाकटीचे शिक्षण तो बघेल.

"मामा, आईला तुम्ही सांगाल का?" असे त्याने परवा विचारले. रात्री अकरानंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, या अटीवर ते पुन्हा टेबलाला लागले आहे. दर रविवारी सकाळी बहिणीचा फोन येतो. "दादा, पोरगा अभ्यास करतो ना?" असे ती विचारतेच. या रविवारी आम्ही तिला, बाई, हातातले काम असेल तर बाजूला ठेव आणि जरा बस, असे म्हणणार आहोत.