शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका सांगत आल्या. नमुना-पाहणीचे सारे शास्त्र या म्हणीत सामावले आहे. तिची एक अट मात्र आपण विसरतो. शीत आणि भात एकाच पातेल्यातले हवेत.

१५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. त्यानंतरही कित्येक वर्षे मुलांच्या पोषणाचे आकडे आपण दुसऱ्याच पातेल्यातून घेत होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २००५-०६ ची तिसरी फेरी साऱ्या मध्यप्रदेशाचा मिळून एकच आकडा देई. जिल्हावार आकडे २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून मिळू लागले. तरीही एका जिल्ह्यातून कुटुंबे निवडतात ती सुमारे ९००. त्यांत शहरातील यंत्रमाग कामगारांची मुले आणि खकनारच्या डोंगराळ भागातील कोरकूंची मुले एकाच सरासरीत बसतात.

मग एखाद्या गावापुरता अंदाज कसा करावा? १९७९ मध्ये अमेरिकेत फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी हजाराहून कमी वस्तीच्या गावांचे उत्पन्न अजमावताना एक रीत घालून दिली. गावाचा स्वतःचा तुटपुंजा नमुना एका पारड्यात ठेवावयाचा. दुसऱ्या पारड्यात, जनगणनेतील माहितीवरून तशाच इतर गावांच्या आधारे बांधलेला अंदाज. नमुना जितका लहान, तितका शेजाऱ्यांच्या पारड्यावर भर अधिक. मुलांच्या आरोग्यासाठीही आज हीच रीत वापरतात: मातांचे शिक्षण, पिण्याचे पाणी, घराची स्थिती यांवरून गावांचे साम्य ठरते. ही उसनवारी आहे, परंतु हिशेबाची. ती का करावी लागते, हे मला फार उशिरा उमगले.

२००४ च्या सुमारास मासिक आढाव्याचा एक तक्ता माझ्या हातून गेला. एका वस्तीत वजन घेतलेली मुले ११, त्यांपैकी अतिकुपोषित २. म्हणजे १८ टक्के. पुढच्या महिन्यात मुले १०, अतिकुपोषित १. म्हणजे १० टक्के. शेऱ्याच्या रकान्यात मी हिंदीत ‘सुधार’ असे लिहून सही केली. बैठक संपल्यावर पर्यवेक्षिकाबाई दाराशी रेंगाळल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, “साहेब, ते पोर बरं नाही झालं. ते गेलं.”

माझा भागाकार बिनचूक होता. दहा-अकरा मुलांच्या वस्तीत एक मूल इकडचे तिकडे झाले की टक्केवारी निम्म्यावर येते, एवढे साधे गणित मला ठाऊक असायला हवे होते. शेजारच्या दहा वस्त्यांचे आकडे जवळ ठेवले असते, तर एका महिन्यातील ही घसरण संशयास्पद वाटली असती. अंदाजशास्त्र एवढेच करते. ते घाईने आनंदू देत नाही, आणि आधी कोणत्या वस्तीकडे जावे हे सुचविते. त्या मुलाचे नाव मात्र कोणत्याही सूत्रातून निघाले नसते. ते अंगणवाडीच्या वहीत होते, आणि वही मी मागविली नव्हती.

पुढे निवृत्त होईपर्यंत त्या तक्त्यात मी एक जादा रकाना हाताने आखून घेत असे: ‘मागील महिन्यात होते, या महिन्यात नाही, नाव व कारण.’ शासकीय नमुन्यात तो नव्हता.