पाऊणकी

गेल्या शनिवारी रेवसच्या धक्क्यावर अडकलो. ओहोटीमुळे गाळ वर आलेला, करंजाची लाँच बंद. सोबत चौथीतली भाची आणि तिचा गृहपाठ: 'स्वतः एक शाब्दिक उदाहरण तयार करा.' तिने लिहिलं, 'रामूने 60 कलिंगडं घेतली...'

"अगं, एवढी कलिंगडं घेतो कोण?"

"गणितात घेतात रे मामा!"

शेजारी जाळं दुरुस्त करणारे काका हसले. "पोरी, आज षष्ठी. सहाची पाऊणपट कर." तिने बोटं मोजली. साडेचार! "तेव्हा पूर्ण भरती." म्हणजे उद्या सप्तमीला सव्वापाच. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्या मागे भरतीही. हिशोब अंदाजाचाच, पण होडी काढायला पुरतो.

माझ्या आजोबांना पाऊणकी पाठ होती. मी कॅलक्युलेटरवाला, दिवसभर कोड लिहितो. पाऊणकी गेली याचं दुःख नाही हो. ती लागते कशाला, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आमचं उत्तर चुकलं की मार्क जायचे, काकांचं चुकलं तर होडी गाळात रुतते.

भाचीने कलिंगडं खोडली. 'आज षष्ठी. आता साडेदहा वाजलेत. पूर्ण भरतीला किती वेळ?'

गणिताला घाबरणाऱ्या पोरीने उत्तर मला न विचारता काढलं.